दुसरी भाजणी

मराठी स्वयंपाकघरात चीन देश मातीच्या रूपाने राहतो. हिंदीने चीनच्या नावाने साखर घेतली, आपण माती घेतली. लोणच्याची बरणी चिनीमातीची, पाहुण्यांसाठी राखलेली कपबशी चिनीमातीची. खरं म्हणजे आपल्या आजीची ती पांढऱ्या पोटाची आणि तपकिरी खांद्याची बरणी भारतातल्याच एखाद्या कारखान्यात तयार झालेली असते. चीनशी तिचा संबंध नावापुरताच. तरी पण नाव टिकलं. नावं अशी चिवट असतात. मूळ गाव सुटलं तरी ती सुटत नाहीत, हे आपल्याला परदेशात राहून वेगळं सांगायला नको.

हा लेख मात्र खरोखर चीनमधून आलेल्या भांड्यांविषयी आहे. त्यातही एका विशिष्ट रंगाच्या, गुलाबी रंगाच्या भांड्यांविषयी. युरोपातले संग्राहक त्यांना 'फामीय रोझ' म्हणतात. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ 'गुलाबी कुटुंब'. मराठीत आपण गुलाबी घराणं म्हणू या, म्हणजे जरा गाण्याच्या बैठकीसारखं वाटेल. एकोणिसाव्या शतकात आल्बेर झाकमार नावाच्या एका फ्रेंच अभ्यासकाने चिनी भांड्यांची रंगांवरून अशी घराणी पाडली. हिरवं घराणं, गुलाबी घराणं वगैरे. ज्यांनी ती भांडी घडवली त्यांना या घराण्यांची कल्पनाही नव्हती.

माझ्या घरी या गुलाबी घराण्यातली एक थाळी आहे. ती कशी आली ते आधी सांगते, कारण एम.ए. इतिहास, पूर्वाश्रमीची शिक्षिका आणि सध्या गृहिणी असलेल्या बाईच्या घरात अशी वस्तू असणं जरा संशयास्पद वाटू शकतं.

आपल्या अर्विंगच्या दक्षिण भागात जुनी, बैठी, विटांची घरं आहेत. तिथे अधूनमधून 'इस्टेट सेल'ची पाटी लागते. घरातलं म्हातारं माणूस गेलेलं असतं, मुलं दुसऱ्या राज्यात असतात आणि घरातली एकूण एक वस्तू, अगदी अर्धवट वापरलेल्या दोऱ्याच्या रिळांपर्यंत, किंमत चिकटवून मांडलेली असते. पहिल्यांदा गेले तेव्हा मला फार अवघडल्यासारखं झालं होतं. दुसऱ्याच्या कपाटात डोकावायची आपल्याला सवय नसते. पण मला जुन्या वस्तू बघायला आवडतात आणि नवरा म्हणतो त्याप्रमाणे मॉलपेक्षा हे स्वस्तात पडतं. अशाच एका घरी भिंतीवरच्या खिळ्याला, तारेच्या पकडीत ती थाळी होती. किंमत चौदा डॉलर.

मधोमध सोनेरी गोलात एक पक्षी आणि पिओनीचं फूल. त्याभोवती चार कप्पे. दोन कप्प्यांत लांब झग्यातली माणसं गच्चीवर बसून गप्पा मारताहेत, उरलेल्या दोनांत फुलं, पक्षी आणि फुलपाखरं. मधली जागा हिरव्या वेलबुट्टीने आणि गुलाबी फुलांनी इतकी भरलेली की बोटभर पांढरं शोधावं लागतं. अमेरिकेतले संग्राहक या नक्षीला 'रोझ मेडॅलियन' म्हणतात. थाळी उलटी केली तर तळाशी लाल शाईचा एक शब्द इंग्रजी अक्षरांत: चायना.

या एका शब्दामागे कायदा आहे. १८९० साली अमेरिकेत मॅकिन्ली यांच्या नावाचा आयातकराचा कायदा झाला आणि परदेशातून येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत असणं सक्तीचं झालं. 'मेड इन' हे शब्द जोडायची पद्धत पुढे रुळली. त्यामुळे नुसतं 'चायना' असलं की जाणकार ती वस्तू साधारणपणे १८९१ नंतरच्या दोन-तीन दशकांतली धरतात. शिक्का म्हणजे पक्का पुरावा नव्हे, पण अंदाज बांधायला बरा. नवऱ्याने शिक्का वाचला आणि म्हणाला, "घ्या! शंभर वर्षांपूर्वीही मेड इन चायनाच!" मला मात्र आमच्या पासपोर्टांवरचे शिक्के आठवले. कुठून आलात ते तळाशी लिहिलेलं असल्याशिवाय या देशात भांड्यालाही प्रवेश नाही.

आता या गुलाबी रंगाची गोष्ट. ती कळण्यासाठी आधी भाजणी कळायला हवी, आणि दिवाळी अंकाच्या वाचकांना भाजणीचं महत्त्व मी काय सांगणार!

चीनच्या जिआंग्शी प्रांतात जिंगदेझेन नावाचं गाव आहे. सम्राटांसाठी आणि जगासाठी चिनीमातीची भांडी तिथे शतकानुशतकं तयार होत आली. जवळच्या गाओलिंग नावाच्या डोंगरातली पांढरी माती आणि एक प्रकारच्या दगडाची पूड मिसळून भांडं घडवायचं, त्यावर लुकण चढवायचं आणि सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजायचं. (आज जगभर त्या मातीला 'केओलिन' म्हणतात, तो गाओलिंगचाच अपभ्रंश.) या आगीतून भांडं बाहेर येतं ते पांढरंशुभ्र, टणक, टिचकी मारली तर घंटेसारखं वाजणारं. अडचण अशी की इतक्या आगीत बहुतेक रंग टिकत नाहीत. हमखास टिकतो तो कोबाल्टचा निळा. म्हणून आपण चिनी भांडं म्हटलं की निळं-पांढरं डोळ्यांसमोर आणतो. तो निळा लुकणाच्या खाली असतो, एकाच आगीत पक्का होतो.

मग लाल, हिरवा, पिवळा कुठून आणायचा? त्यावर कारागिरांनी काढलेली युक्ती म्हणजे दुसरी भाजणी. पूर्ण भाजून तयार झालेल्या, गुळगुळीत भांड्यावर रंगीत काचेची पूड रंगासारखी लावायची. आपल्याकडच्या दागिन्यांवरची मीनाकारी आठवा. तोच प्रकार, फक्त धातूऐवजी चिनीमातीवर. मग ते भांडं लहान भट्टीत, ७०० ते ८०० अंशांच्या आसपास, पुन्हा भाजायचं. एवढ्या आगीत मूळ भांड्याला काही होत नाही. काचेची पूड मात्र वितळते आणि अंगाला चिकटून बसते.

मिंग काळातच हे तंत्र फार सुंदर वापरलं गेलं. पंधराव्या शतकात छंगह्वा सम्राटाच्या काळी कारागीर निळ्या रंगात बारीक बाह्यरेषा काढून भांडं भाजायचे आणि मग आतले रंग भरून पुन्हा भाजायचे. त्या काळातला कोंबडा-कोंबडी आणि पिलं रंगवलेला एक इवलासा पेला २०१४ साली हाँगकाँगच्या लिलावात २८ कोटी हाँगकाँग डॉलरहून अधिक किमतीला गेला. घेणाऱ्याने पैसे भरून झाल्यावर त्यातून चहा प्यायला आणि त्याचा फोटो जगभर फिरला. आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर आईने आधी पेला घासून घ्यायला लावला असता.

पुढे कांगशी सम्राटाच्या काळात, म्हणजे १६६१ ते १७२२ या वर्षांत, हिरव्या रंगाचं राज्य आलं. पारदर्शक हिरवा, पिवळा, जांभळा आणि लोखंडापासूनचा विटकरी लाल. बहुतेक रंग रंगीत काचेसारखे आरपार. पण गुलाबी नाही. लोखंडातून विटेचा लाल मिळतो, गुलाबाचा नाही.

गुलाबी आला १७२०च्या सुमारास आणि तो आला सोन्यातून. सोन्याचे अतिशय सूक्ष्म कण काचेत मिसळले की सोन्याचा पिवळेपणा नाहीसा होतो आणि काच माणकासारखी लाल होते. प्रमाण कमी-जास्त केलं की गुलाबी. युरोपातल्या काच कारागिरांना ही विद्या सतराव्या शतकात चांगली अवगत झाली होती. त्याच जोडीने आला अपारदर्शक पांढरा, शिसं आणि आर्सेनिकचा. या पांढऱ्याने खरी क्रांती केली. रंगात पांढरा मिसळता आला की छटा काढता येतात. पाकळी देठाशी गडद आणि टोकाला फिकी रंगवता येते. आरपार रंगांत फूल म्हणजे एक आकार असायचा. आता ते उमललेलं दिसू लागलं.

ही विद्या चीनच्या दरबारात कुणी नेली, किती नेली, यावर अभ्यासकांचा वाद आहे. काही घटक चिनी कारागिरांकडे मीनाकारीत आधीपासून होते. पण कांगशी सम्राटाला युरोपीय मीनाकारीचं भारी वेड होतं हे नक्की. त्याच्या दरबारात इटालियन धर्मप्रसारक होते. त्यांतल्या मत्तेओ रीपा याने लिहून ठेवलंय की त्याला आणि चित्रकार कास्तिल्योनेला मीनाकारीच्या कारखान्यात रंगवायला बसवलं. तिथे दिवसभर राबायची दोघांचीही इच्छा नव्हती, म्हणून त्यांनी मुद्दाम इतकं वाईट रंगवलं की सम्राटानेच पुरे म्हटलं. शाळेत सहा वर्षं काढलेल्या माझ्यासारखीला ही युक्ती ओळखीची आहे. फळा पुसायचा नसला की मुलं फळा असाच पुसतात.

तरीही रंग टिकला, शिकला गेला आणि जिंगदेझेनच्या भट्ट्यांवर पोचला. तिथल्या शाही कारखान्याचा नामांकित अधिकारी थांग यिंग या रंगांना 'यांगत्साई' म्हणत असे. अर्थ: परदेशी रंग. आज चिनी लोक त्यांना 'फनत्साई' म्हणतात, पावडरीसारखे मऊ रंग. म्हणजे पाहा, आज युरोप-अमेरिकेची संग्रहालयं जी भांडी अस्सल चिनी म्हणून काचेआड ठेवतात, त्यांच्या रंगाला चीनमध्येच 'बाहेरचा' म्हणत होते. रंग राहिला, रुळला, तीनशे वर्षं झाली. आता त्याला बाहेरचा कुणी म्हणत नाही.

जिंगदेझेनमध्ये राहिलेल्या दांत्रकोल नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १७१२ साली लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. एक भांडं तयार होईपर्यंत सत्तर हातांतून जातं, असं त्यात म्हटलंय. एक जण फक्त काठाची रेघ मारतो, दुसरा फुलांची बाह्यरेषा काढतो, तिसरा रंग भरतो. माझ्या थाळीसारखी परदेशी पाठवायची भांडी तर दोन गावांत होत. जिंगदेझेनमधून कोरी पांढरी भांडी नदीने आणि मग डोंगराची खिंड ओलांडून हमालांच्या खांद्यावरून दक्षिणेला ग्वांगझूला, म्हणजे जुन्या कँटनला जात. तिथले रंगारी गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे ती रंगवत आणि दुसरी भाजणी तिथेच होई.

माझ्या लेकीच्या वर्गमैत्रिणीची आई मूळची ग्वांगझूची. ती चहाला आली तेव्हा मी मोठ्या उत्साहाने तिला थाळी दाखवली. ती हसली. म्हणाली, "आमच्या घरी असली थाळी कधीच नव्हती. ही तुमच्यासाठी केलेली." तुमच्यासाठी म्हणजे परदेशी लोकांसाठी. मी तिला आपल्या चायनीज भेळेबद्दल सांगितलं. गाडीवर 'चायनीज' लिहिलेलं असतं, चीनमध्ये ती कुणी खाल्लेली नसते. दोघी हसलो. मग ती थाळी हातात घेऊन बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "पण फुलपाखरू छान काढलंय."

या भांड्यांचे नातेवाईक आपल्या गावीही आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या दोघा भावांचे संग्रह आहेत आणि त्यांत चिनी भांडी, जेडच्या वस्तू आणि तपकिरीच्या छोट्या बाटल्या आहेत. सांगलीच्या शाळेची सहल घेऊन मी तिथे गेले होते. पंचेचाळीस मुलं, तीन शिक्षक. मुलांना ढाल-तलवारींच्या दालनाची घाई होती. मी मुलं मोजत मोजत चिनी भांड्यांपुढून गेले. पण एका फुलदाणीवरचा गुलाबी लक्षात राहिला. अर्विंगमध्ये खिळ्याला टांगलेली थाळी मला ओळखीची वाटली ती त्यामुळे.

अर्विंगजवळही हे नातेवाईक भेटतात. लास कोलिनासहून डार्टच्या ऑरेंज लाइनने थेट डॅलसच्या मध्यात जाता येतं. तिथल्या डॅलस म्युझियम ऑफ आर्टमध्ये, सर्वसाधारण प्रवेश विनामूल्य असलेल्या त्या संग्रहालयात, वेंडी आणि एमरी रीव्ह्ज यांचा संग्रह १९८५ पासून मांडलेला आहे. वेंडीबाई टेक्ससच्याच मार्शल गावच्या. फ्रान्सच्या किनाऱ्यावर मूळ कोको शनेलसाठी बांधलेल्या बंगल्यात त्या राहत आणि चर्चिल तिथे पाहुणे म्हणून येत. त्या बंगल्यातल्या खोल्या जशाच्या तशा डॅलसमध्ये उभ्या केल्या आहेत आणि त्यात चीनहून युरोपात गेलेली भांडीही आहेत. जिंगदेझेन, कँटन, युरोप, टेक्सस. आपल्यापेक्षा जास्त विमानतळ केले म्हणायचे त्यांनी.

इथवरची गोष्ट गोड आहे. आता कडू भाग सांगायला हवा, नाहीतर इतिहासाचं एम.ए. व्यर्थ.

मुंबईत चिनी वस्तू आल्या त्या प्रामुख्याने पारशी व्यापाऱ्यांबरोबर. जमशेटजी जीजीभाई १७९९ साली वयाच्या सोळाव्या वर्षी पहिल्यांदा चीनला गेले. १८०५च्या सफरीत त्यांचं जहाज फ्रेंचांनी पकडलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता आणि या ओळखीतून पुढे मोठी व्यापारी भागीदारी उभी राहिली. चीनला जायचा कापूस आणि अफू. तिकडून यायचा चहा, रेशीम, चिनी भांडी. पारशी बायकांच्या गारा साड्यांवर पिओनी, पक्षी आणि फुलपाखरं आली ती याच वाटेने. चिनी कारागिरांनी भरलेल्या या नक्षींना पारशी घरांत फार गमतीची नावं आहेत. माणसं असलेली ती 'चीना-चीनी' आणि मोठे-लहान ठिपके असलेली 'कांदा-पपेटा', म्हणजे कांदा-बटाटा.

आणि अफू कुठली? बरीचशी माळव्यातली, शिंदे आणि होळकरांच्या संस्थानांतली. शेतकरी आपले, राज्यं आपली, बंदर आपलं. चीनच्या सम्राटाने बंदी घातलेली ही अफू चोरवाटांनी कँटनच्या परिसरात उतरायची. १८३९ साली लिन झशू या अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. इंग्रजांनी युद्ध पुकारलं. १८४२ साली चीन हरला आणि हाँगकाँग गेलं. त्याच १८४२ साली जमशेटजींना 'सर' ही पदवी मिळाली. त्यांच्या दानातून १८४५ साली जे.जे. रुग्णालय आणि १८५७ साली जे.जे. कलाशाळा सुरू झाली. किती लाख गरिबांवर त्या रुग्णालयात उपचार झाले आणि किती मराठी चित्रकार त्या शाळेत घडले, त्याला गणती नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांत अफूचं युद्ध चीनच्या धड्यात असे आणि जे.जे. मुंबईच्या धड्यात. दोन्ही धडे एकमेकांना कधी भेटत नसत.

मी कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. मला एवढंच म्हणायचंय की सुंदर वस्तू हातात घेतली की तिची किंमत कुणी कुणी मोजली हे विचारावं. थाळी फेकायची नाही आणि प्रश्नही टाकायचा नाही.

गेल्या वसंतात लेकीच्या शाळेत प्रत्येकाने आपल्या वारशातली एक वस्तू आणायची होती. ती तिसरीत आहे. मी मनातल्या मनात तांब्या, पुरणयंत्र, पैठणीचा तुकडा अशी यादी केली. तिने भिंतीकडे बोट दाखवलं. "ती प्लेट." नवरा म्हणाला, "अगं, ती चीनची आहे." व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या, "बाळा, आपलं काहीतरी ने ना." लेक म्हणाली, "पण आई त्याची सगळ्यात मोठी गोष्ट सांगते." यावर कुणाला उत्तर सुचलं नाही.

मी तिला दोन मिनिटांचं भाषण बसवून दिलं. तिने वर्गात ते गुंडाळून ठेवलं आणि स्वतःचं सांगितलं: ही चीनमध्ये झाली, हिचा गुलाबी बाहेरून आला, ही टेक्ससमध्ये एका आजीकडे राहिली आणि आता आमची आहे. संध्याकाळी तिच्या वर्गशिक्षिकेचा निरोप आला. मुलांचे प्रश्न संपत नाहीयेत, तुम्ही याल का?

इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. लग्नानंतर मी इथे आले ती एच-४ व्हिसावर. आपल्या मंडळात अशा कितीतरी जणी आहेत. पदव्या बॅगेत, बॅग कपाटावर. पहिली काही वर्षं मला कामाची परवानगी नव्हती. नंतर लेक झाली, मग घर बदललं. कुणी "तू काय करतेस?" विचारलं की मी "पूर्वी शिकवायचे" असं भूतकाळात उत्तर द्यायला शिकले. ग्रीन कार्डच्या रांगेतला नवऱ्याचा एक टप्पा पार पडला आणि २०१५च्या नियमाप्रमाणे मलाही परवानगी मिळाली, तोवर आठ वर्षं गेली होती. परवान्याचं ते कार्ड ड्रॉवरमध्ये पडून होतं. आता या वयात पुन्हा पहिल्यापासून? उच्चार वेगळे, अभ्यासक्रम वेगळा, मुलं वेगळी. मला वाटायचं, सांगलीत जे घडायचं ते घडून गेलं. भाजलेल्या मडक्याला काही पुन्हा चाकावर चढवत नाहीत.

वर्गात गेले. क्राफ्टच्या दुकानातल्या मातीच्या दोन पणत्या बरोबर होत्या. एक वाळवलेली, एक भाजून आणलेली. दोन्ही पाण्यात टाकल्या. वाळवलेली हळूहळू विरघळली. बावीस मुलं श्वास रोखून बघत होती. मग थाळी फिरवली, प्रत्येकाने दोन्ही हातांनी धरायची या अटीवर. एका मुलीने विचारलं, फुलपाखरू काढणाऱ्याचं नाव काय? मी म्हटलं, नाव कुणी लिहून ठेवलं नाही. एका मुलाने विचारलं, त्याला पैसे मिळाले का? मी अफूला 'लोकांना आजारी पाडणारं औषध' म्हटलं आणि व्यापाराची गोष्ट आठ वर्षांच्या मुलांना झेपेल एवढी सांगितली. शेवटी मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मग आधीच भाजलेली प्लेट पुन्हा कशाला भाजायची? फुटली तर?"

मी फळ्यावर दोन भट्ट्या काढल्या. पहिली मोठी, दुसरी लहान. सांगितलं की पहिल्या आगीत आकार पक्का होतो. दुसरी आग आकार बदलायला नसतेच. पहिलीत जे रंग जळून गेले असते त्यांच्यासाठी ती असते. कधी कधी रंग फुटतात, ओघळतात, हेही खरं. पण गुलाबी हवा असेल तर दुसरा मार्ग नाही.

खडू खाली ठेवला तेव्हा बोटं पांढरी झाली होती. (हो, त्या वर्गात अजून एक खडूचा फळा होता!) घंटा झाली. मुलं गेली. शिक्षिकेने विचारलं, "तुम्ही कुठे शिकवता?" मी म्हटलं, "सांगलीत शिकवायचे." आणि मग माझं मलाच ऐकू आलं, "इथे सुरू करतेय."

टेक्ससमध्ये दुसऱ्या व्यवसायातून किंवा दुसऱ्या देशातून आलेल्यांसाठी शिक्षक होण्याचा पर्यायी मार्ग आहे. पदव्यांचं मूल्यांकन करून घ्यायचं, अभ्यासक्रम पुरा करायचा, परीक्षा द्यायच्या. माझ्या एम.ए.च्या गुणपत्रिका बॅगेतून निघाल्या, मूल्यांकन झालं, अभ्यासक्रम सुरू आहे. रात्री लेक झोपली की मी टेक्ससच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या सनावळ्या पाठ करते. अलामो १८३६. सासूबाई रोज विचारतात, "किती झालं?" आणि जेवलीस का हे विचारायला विसरतात. याचा मला फार आनंद होतो. परीक्षा जानेवारीत आहे. पास होईन की नाही माहीत नाही. आपल्या मंडळातल्या ज्या मैत्रिणींच्या बॅगा अजून कपाटावर आहेत, त्यांनी शेजारी बसून अभ्यास करायचा असेल तर बुधवारी रात्री आमच्याकडे या. चहा माझा.

आता फराळाचं. थाळीत चकल्या मांडायचा मोह तुम्हाला होईल, मलाही झाला होता. पण या जुन्या रंगांत शिसं असतं, त्यामुळे त्यात खायचं काही ठेवायचं नाही. पणत्याही नकोत, तिच्या दोन भाजण्या झाल्यात, तिसरी नको. यंदा लक्ष्मीपूजनाला मी तिच्यात झेंडूची फुलं ठेवणार आहे. गुलाबीवर केशरी शोभेल का, अशी शंका नवऱ्याला आहे. लेकीने निकाल दिलाय की शोभेल.